लूपची गाठ सरकते कशाने?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी मुलगी नववीत शिकते आणि दोन वर्षांपासून कंपाऊंड धनुष्यावर सराव करते. तिचे धनुष्य ४० पाऊंडांवर लावलेले आहे. धनुष्याच्या दोरीवर बांधलेल्या ज्या लहानशा लूपमध्ये ती रिलीज (दोरी ओढून सोडण्याचे हुकाचे साधन) अडकवते, तो गेल्या महिन्यात दोनदा सरकला. दुसऱ्या वेळी तर ओढता ओढता खालची गाठ पूर्ण सुटली आणि तिचीच मूठ तिच्या गालावर आदळली. बाण सुदैवाने टार्गेटखालच्या मातीत गेला. दुखापत किरकोळ होती, पण आता ती ओढताना बिचकते. तो लूप मी स्वतः मोबाइलवर पाहून घरी बांधला होता. प्रशिक्षक आठवड्यातून एकदा येतात आणि धनुष्याचे काम करणारे दुकान आमच्या गावापासून पाच तासांवर आहे. लूप घरी बांधणे योग्य आहे का? योग्य असेल तर माझे काय चुकले? सुटण्याआधी काढलेले लूपचे एक छायाचित्र सोबत पाठवत आहे.
— एक पालक, जळगाव जिल्हा

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. लूप घरी बांधणे योग्यच आहे. हा तुकडा झिजतो, अधूनमधून बदलावा लागतो आणि कधी कधी स्पर्धेच्या आदल्या रात्री, परगावच्या खोलीवरच, तो निकामी झाल्याचे लक्षात येते. त्यामुळे कंपाऊंडच्या प्रत्येक खेळाडूने, आणि खेळाडू लहान असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाने, हे काम शिकून घ्यावे असे माझे मत आहे. मात्र गाठ बांधता येणे आणि त्या गाठीवर मुलीचा हात सोपवणे या दोन गोष्टींच्या मध्ये तपासणीची एक पायरी आहे, आणि बहुतेक घरांत तीच राहून जाते.

छायाचित्रात मला दोन चुका स्पष्ट दिसतात. पहिली अशी, की वरच्या टोकाला जळून झालेली गोळी आहे, पण खालचे टोक काळे, निमुळते आणि टोकदार आहे. ज्योत फार जवळ धरली की दोरी वितळण्याऐवजी पेटते, तिचा रस गळून किंवा जळून जातो आणि उरते ती अशी करपलेली शेंडी. ती बोटाला कडक लागते, म्हणून आपल्याला वाटते की गाठ बंद झाली, पण गाठीतून मागे सरकताना तिला अडवणारे काहीच नसते. दुसरी चूक अशी, की दोन्ही गाठींची टोके स्ट्रिंगच्या एकाच बाजूला, डावीकडे, आली आहेत. खालची गाठ सुटली ती मुख्यतः पहिल्या चुकीमुळे, तर त्याआधी लूप सरकला त्यात दुसऱ्या चुकीचा वाटा मोठा असावा.

गोंधळ नको म्हणून धनुष्याच्या मुख्य दोरीला मी मैदानावर म्हणतात तसे स्ट्रिंग म्हणतो आणि लूपच्या दोरीला नुसते दोरी म्हणतो. (आपल्या शाळेतल्या भूमितीत वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाला जीवा म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्याची दोरीच आहे. पण आज मैदानावर कोणी कोणाला जीवा ओढ असे म्हणताना मी ऐकलेले नाही.)

या लूपवर भार किती येतो ते आधी पाहू. कंपाऊंड धनुष्याची गंमत त्याच्या कॅममध्ये, म्हणजे टोकांवरच्या चाकांमध्ये, आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये ज्या धनुष्याचे पेटंट मिळाले, त्याचे तत्त्व असे, की ओढताना मध्येच सर्वाधिक जोर लागतो आणि पूर्ण ओढल्यावर तो एकदम कमी होतो. आपल्या मुलीच्या धनुष्यात ही घट ७५ टक्के धरली, तर नेम धरताना तिच्या हातात जेमतेम १० पाऊंड, म्हणजे साडेचार किलो असतात. त्यामुळे लूपवरही तेवढेच वजन असावे असा समज होतो. पण तिथवर पोचण्याआधी प्रत्येक बाणाला त्या दोन गाठींनी पूर्ण ४० पाऊंड, म्हणजे १८ किलो, पेललेले असतात. मोठ्या स्पर्धांत कंपाऊंडची कमाल मर्यादा ६० पाऊंड आहे, म्हणजे २७ किलो. हा सारा भार दोन मिलिमीटर जाडीच्या तुकड्यावर येतो. सुटायची ती गाठ बहुधा याच मधल्या टप्प्यात सुटते, आणि त्या क्षणी हात पूर्ण ताकदीने मागे ओढत असल्यामुळे मूठ थेट स्वतःच्या तोंडावर येते. माझ्या तरुणपणी मी अशाच एका घाईत बांधलेल्या लूपने खालचा ओठ फोडून घेतला होता, म्हणून आपल्या मुलीचे बिचकणे मला अगदी समजते.

आता बांधणीकडे येऊ. दोरी लूपसाठीच विणलेली, पॉलिएस्टरची, साधारण दोन मिलिमीटर जाडीची घ्यावी. पायजम्याची नाडी, बुटाची लेस किंवा तंबूची जाड दोरी यांपैकी काहीही चालणार नाही, कारण त्या एक तर ताणाखाली लांबतात किंवा आतला गाभा आणि वरचे वेष्टण वेगवेगळे सरकते. तुकडा ११ ते १२ सेंटिमीटर कापावा. त्यातला बराचसा भाग दोन गाठींतच जातो आणि शेवटी आतून साधारण १२ मिलिमीटरचा मोकळा लूप उरतो. पहिल्या वेळी तीन-चार तुकडे वाया जातील अशी तयारी ठेवा. दोरी स्वस्त आहे.

दोन्ही टोके बांधण्याआधीच, धनुष्यापासून दूर बसून जाळून घ्यावीत. यामागे पक्के कारण आहे. आजच्या बहुतेक स्ट्रिंगमध्ये जो अतिमजबूत पॉलिइथिलीनचा धागा असतो, तो साधारण १५० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, तर लूपचे पॉलिएस्टर वितळायला सुमारे २५० अंश लागतात. म्हणजे लूपचे टोक वितळेपर्यंत लायटर स्ट्रिंगजवळ धरला, तर टोकाच्या आधी स्ट्रिंगच खराब होते आणि तो बिघाड सर्व्हिंगच्या, म्हणजे वरून गुंडाळलेल्या संरक्षक धाग्याच्या, आत लपून राहतो. टोक जाळण्याआधी शेवटचे चार-पाच मिलिमीटर सुईने उसवून पिंजून घ्या. त्यामुळे वितळायला जास्त धागा मिळतो आणि गोळी मोठी होते. ज्योतीत टोक खुपसू नका. ज्योतीच्या बाजूला धरून दोरी आक्रसत, चकाकत मागे आली की लायटर विझवा आणि मऊ असतानाच ते टोक लायटरच्या धातूच्या भागावर किंवा चमच्याच्या पाठीवर उभे दाबा, म्हणजे भूछत्रासारखी चपटी टोपी तयार होईल. बोटाने दाबायचा मोह टाळा, कारण वितळलेले पॉलिएस्टर कातडीला चिकटते आणि पुसून निघत नाही. थंड झाल्यावर टोपीचा रंग दोरीच्याच जवळचा असायला हवा. ती काळी झाली असेल तर टोक कापून पुन्हा जाळावे.

जुना लूप काढण्याआधी त्याची जागा टिपून ठेवायला हवी. हे विसरले, तर नवा लूप कितीही सुबक झाला तरी तो कुठे बांधायचा हेच कळत नाही. सर्व्हिंगवर वरच्या गाठीच्या वर आणि खालच्या गाठीच्या खाली पांढऱ्या पेनने बारीक रेघ मारा. मगच जुना लूप मधोमध, स्ट्रिंगपासून दूर कापा आणि गाठी टोच्याने सैल करून काढा. गाठीवर ब्लेड चालवले, तर ब्लेड सर्व्हिंगवर कधी उतरले ते कळतही नाही.

गाठ आपल्या ओळखीचीच आहे. किल्लीच्या कडीत दोरा दुमडून घालतात, त्या दुमडीतून दोन्ही पदर काढून ओढतात, तीच ही गाठ. दोरीच्या एका टोकापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर दुमड करा. ती नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) वरच्या जागी स्ट्रिंगच्या मागून डावीकडून उजवीकडे न्या आणि पुढे आणून तिच्यातून दोन्ही पदर, गोळीचा आखूड आणि दुसरा लांब, आपल्याकडे ओढून घ्या. गाठ अजून आवळू नका. आता नॉकच्या खाली लांब पदराच्या टोकाने तशीच दुसरी गाठ करायची आहे, फक्त या वेळी दुमड उजवीकडून डावीकडे जाईल. म्हणजे पहिली गाठ आरशात पाहिल्यासारखी दुसरी गाठ दिसेल आणि दोन गोळ्या स्ट्रिंगच्या विरुद्ध बाजूंना येतील. दोन्ही गाठी एकाच दिशेच्या असल्या तर ओढताना दोन्ही मिळून स्ट्रिंगला एकाच बाजूला पीळ देतात, लूप हळूहळू फिरतो आणि फिरता फिरता सरकतो. त्या विरुद्ध दिशेच्या असल्या तर एकीचा पीळ दुसरी खाऊन टाकते. आपल्या छायाचित्रातला लूप सरकत होता तो यामुळे.

नॉक मध्ये ठेवूनच गाठी जवळ आणाव्यात, पण त्या नॉकला चिकटवू नयेत. पूर्ण ओढल्यावर स्ट्रिंगचा कोन तीव्र होतो आणि दोन्ही गाठी नॉकवर आवळतात. मोकळीक ठेवली नसेल तर नॉक चिमटली जाते आणि बाण रेस्टवरून (तो टेकतो त्या आधारावरून) उचलला जातो. ज्यांचे धनुष्य लांबीला आखूड आहे त्यांना हा त्रास जास्त होतो. यावर चांगला उपाय असा, की लूपच्या आत, नॉकच्या लगेच खाली, सर्व्हिंगच्या धाग्याचे चार-पाच वेढे देऊन एक छोटी पक्की गाठ बसवायची. तेवढी फट नॉकला श्वास घेऊ देते. शिवाय पुढच्या वेळी लूप काढला तरी नॉकची जागा हलत नाही. मी तर हे वेढे आधी बांधतो आणि लूप नंतर.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. गाठी हाताने कितीही आवळल्या तरी पुरत नाही. बंद नोज प्लायर लूपच्या आत घालून त्याचे जबडे जोराने उघडा. गाठींतून दोरी चरचरत आत खेचली जाते, गोळ्या गाठींना येऊन टेकतात आणि लूप ताठ इंग्रजी डी सारखा उभा राहतो. प्लायरचे दाते धारदार असतील तर त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. हे दोन-तीनदा केल्यावर दोन्ही गोळ्या भिंगाने पाहा, आणि त्या प्लायरने ओढल्यावरही गाठीत शिरत नाहीत याची खात्री करा. मग मुलीने नव्हे, आपण किंवा प्रशिक्षकांनी, बाण लावून, टार्गेटसमोर तीन-चार मीटरवर उभे राहून, धनुष्य वर न उचलता, सरळ टार्गेटकडे रोखून थोडे थोडे ओढत न्यावे. प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडे जास्त ओढावे आणि बाण न सोडता सावकाश परत आणावे. बाण न लावता मात्र एकदाही ओढू नये, कारण चुकून सुटले तर कॅम आणि लिम्ब (धनुष्याचे बाहू) दोन्ही निकामी होऊ शकतात. असे दहा-बारा वेळा ओढल्यावर लूपचा आकार न बदलता राहिला आणि गोळ्या जागेवरच दिसल्या, तर त्या दिवशी पहिले वीस-तीस बाण जवळूनच मारू द्यावेत आणि नंतर पुन्हा पाहावे. आपल्याकडून ही पायरी सुटली असावी असा माझा अंदाज आहे. ती झाली असती तर टोकदार शेंडी आपल्याच हातात सुटली असती.

रिलीजचा हुकही तपासून घ्या. त्यावर थोडा कापूस फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर तिथे बारीक खरखर आहे आणि ती रोज दोरी कापते आहे असे समजावे. यानंतर प्रत्येक सरावाआधी लूपकडे एकदा पाहायची सवय मुलीला लावा. हुक बसतो त्या जागी केस उठले असतील, तिथे दोरी चपटी झाली असेल किंवा गोळी लहान वाटत असेल, तर लूप बदलायचा. एवढा साधा नियम पुरतो. बिचकणे जावे म्हणून धनुष्य ओढण्याचे वजन काही दिवस दोन-तीन पाऊंडांनी कमी करावे, आणि लूपची चाचणी तिच्या डोळ्यांसमोर करावी. तिने लूप स्वतः बांधायला घेतला तर आणखी चांगले.

प्रश्न : माझ्या कंपाऊंड धनुष्याचा लूप मी सूचनांप्रमाणे नवा बांधला आणि तो पक्का आहे. पण तेव्हापासून ५० मीटरवर माझे सगळे बाण खाली लागतात, पीप (स्ट्रिंगमध्ये बसवलेले, नेम धरताना पाहायचे छिद्र) डोळ्यासमोर तिरपा येतो आणि हनुवटीजवळचा हात जागेवर बसत नाही. साइट (धनुष्यावरचे नेमाचे साधन) बदलावी का?
— एक महाविद्यालयीन खेळाडू, पुणे

उत्तर : साइटला अजून हात लावू नका. आपल्या तीन तक्रारींची कारणे बहुधा तीन वेगळी आहेत आणि तीनही लूपमध्येच आहेत.

बाण खाली लागतात, म्हणजे नॉकची जागा पूर्वीपेक्षा वर गेली असण्याची शक्यता जास्त. बो-स्क्वेअर (काटकोनी मोजपट्टी) स्ट्रिंगवर लावून मोजा. बाण स्ट्रिंगला काटकोनात किंवा नॉककडे एक-दोन मिलिमीटर वर, अशी सुरुवात बहुतेक धनुष्यांना मानवते. मग एका चौकटीत वर्तमानपत्राचे पान ताणून बसवा आणि मागे टार्गेट ठेवून साधारण दोन मीटरवरून त्यातून बाण मारा. पिसांचे भोक टोकाच्या भोकापेक्षा वर फाटले असेल तर नॉक उंच आहे. ती खाली आणायला लूप सोडायची गरज नसते. सर्व्हिंगचा धागा स्ट्रिंगभोवती स्क्रूच्या आट्यांसारखा गुंडाळलेला असतो, त्यामुळे लूप स्ट्रिंगभोवती फिरवला की तो बोल्टवरच्या नटासारखा हळूहळू वर किंवा खाली सरकतो. पूर्ण एक फेरा दिला की सर्व्हिंगच्या एका धाग्याच्या जाडीइतका फरक पडतो. इतकी बारीक दुरुस्ती गाठ सोडून कधीच साधत नाही. लूपच्या आत नॉकसाठी वेढे बांधलेले असतील तर तेही सोबत फिरवावे लागतील.

पीप तिरपा येण्याचे कारण लूपची दिशा. लूप ज्या बाजूला तोंड करून बसतो, त्या बाजूला रिलीज स्ट्रिंगला थोडा पीळ देते आणि पीप त्याबरोबर फिरतो. लूप डोळ्याच्या दिशेने, पीपच्या रेषेत आणा. थोडा तिरपेपणा एवढ्याने जातो. जास्त असेल तर बो-प्रेसमध्ये धनुष्य दाबून स्ट्रिंगला अर्धा-एक वेढा द्यावा लागेल. ते काम प्रेसशिवाय करू नये.

हात जागेवर बसत नाही, कारण नवा लूप बहुधा जुन्यापेक्षा लांब झाला आहे. कंपाऊंडमध्ये स्ट्रिंग किती मागे येणार हे कॅम ठरवतो. त्यामुळे लूप पाच मिलिमीटर वाढला तरी स्ट्रिंग जिथल्या तिथेच थांबते आणि हात मात्र पाच मिलिमीटर मागे जातो. पीपही डोळ्यापासून पूर्वीच्या अंतरावर राहत नाही, कारण आपण नकळत डोके पुढे किंवा मागे नेऊन हात जुळवू पाहता. जुना लूप फेकला नसेल तर तो प्लायरवर ताणून मोजा आणि नवा त्याच लांबीचा करा. यापुढे आपली ठरलेली लांबी वहीत लिहून ठेवावी, आणि बॅगेत त्याच लांबीचे, टोके जाळलेले दोन तुकडे ठेवावेत. सामन्यात दोघे आळीपाळीने बाण सोडतात तेव्हा एका बाणाला २० सेकंद मिळतात. तिथे मोजमापाला वेळ नसतो.

५० मीटरवर ८० सेंटिमीटरच्या टार्गेटमधला दहाचा गोल फक्त आठ सेंटिमीटरचा असतो. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण त्या आठ सेंटिमीटरात बसवून १५० पैकी १५० गुण मिळवले, आणि त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांमध्ये विजेती ठरली. या पातळीवर नॉकची जागा अर्धा मिलिमीटर हलली तरी चालत नाही, म्हणून लूपची मापे वहीत लिहिण्याचा माझा आग्रह आहे.

प्रश्न : मी रिकर्व्हवर (टोके पुढे वळलेल्या, कॅम नसलेल्या धनुष्यावर) सराव करतो आणि माझा लहान भाऊ शाळेच्या स्पर्धेत लाकडी धनुष्याने इंडियन राऊंड खेळतो. बोटांना फोड येतात, म्हणून आम्ही दोघे लूप आणि रिलीज वापरू शकतो का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : नाही. रिलीजची परवानगी कंपाऊंड विभागालाच आहे. रिकर्व्हमध्ये आणि इंडियन राऊंडमध्ये स्ट्रिंग बोटांनीच ओढावी लागते, आणि तीन बोटे थेट स्ट्रिंगवर असताना लूपचा काही उपयोगही नसतो. बोटे वाचवण्याची धडपड मात्र फार जुनी आहे. अंगठ्याने ओढणाऱ्या मोगल तिरंदाजांच्या जेडच्या अंगठ्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. आपल्यासाठी त्या अंगठीच्या जागी चामड्याचा टॅब, म्हणजे बोटांवर घालायचा तुकडा, आहे. तो बोटांच्या मापाचा घ्या, मोठा असेल तर कापून बसवा, आणि स्ट्रिंग बोटांच्या टोकांवर न धरता पहिल्या पेराच्या घडीत धरा. फोड बहुधा टोकांवर धरल्यानेच येतात. भावाच्या धनुष्यावर नॉकच्या वर आणि खाली सर्व्हिंगच्या धाग्याचे पाच-सहा वेढे घट्ट बांधून जागा पक्की करावी, आणि नॉक स्ट्रिंगवर हलकेच टक् करून बसते आणि बोटाच्या टिचकीने सुटते का ते पाहावे.